आकाश निरभ्र असताना रोव्हर फ्लोटवर का जातो?

प्रश्न : मॅडम, मी कराडला सर्व्हेअर आहे. रस्ता रुंदीकरणाचं काम चालू आहे. दिवसा वाहतूक असते म्हणून सेंटर लाइनचे पॉइंट आम्ही संध्याकाळनंतर टाकतो. मार्चमध्ये चार-पाच दिवस असं झालं की साडेसातपर्यंत रोव्हर (पॉइंटवर धरायचा जीपीएस रिसीव्हर) दोन सेंटिमीटरवर फिक्स, म्हणजे जागा पक्की, असायचा आणि पावणेआठच्या सुमारास एकदम फ्लोटवर, म्हणजे नुसत्या अंदाजावर, जायचा. वर ढगाचा ठिपका नाही, आसपास झाड नाही, उपग्रह वीस-बावीस दिसतायत. अर्ध्या तासानं फिक्स आपोआप येतो, पुन्हा जातो. मशीन देणाऱ्यानं अँटेना बदलून दिला, तरी तेच. कंत्राटदार म्हणतो, तुम्हाला मशीन चालवता येत नाही. नक्की काय होतंय?

उत्तर : मार्च महिना, पावणेआठची वेळ आणि अर्ध्या तासाची ये-जा. एवढं वाचलं आणि पुढचं पत्र वाचायच्या आधीच मला कारण कळलं, कारण याच तीन गोष्टी मी नोकरीची एकतीस वर्षं फिल्मवर पाहत आले. तुमचं मशीन चांगलं आहे आणि तुमचा हातही. अडथळा आहे तो तुमच्या डोक्यावर, अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर.

तिथली हवा इतकी विरळ की तिला हवा म्हणावं की नाही असा प्रश्न पडेल. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण या विरळ हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे करतात. भर दुपारी तिथल्या एका घन सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात सुटे इलेक्ट्रॉन असतात. या विद्युतभारित थराला आयनांबर म्हणतात. तुमचा जीपीएसचा सिग्नल सुमारे वीस हजार किलोमीटरवरून येतो आणि या थरातून जाताना त्याला उशीर होतो. उशीर किती, ते सिग्नलच्या वाटेत किती इलेक्ट्रॉन आले यावर ठरतं. हे मोजायचं एक माप आहे : एक चौरस मीटर बुडाचा उभा खांब कल्पावा, त्यात एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन असतील तर ते एक एकक. जीपीएसच्या मुख्य फ्रिक्वेन्सीवर एका एककामागे सोळा सेंटिमीटरची चूक होते. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत आपल्याकडे दुपारी पन्नास ते शंभर एककं सहज भरतात. म्हणजे आठ ते सोळा मीटर! तरी तुमचा रोव्हर दोन सेंटिमीटर दाखवतो, कारण बेसच्या, म्हणजे माहीत असलेल्या जागी उभ्या केलेल्या दुसऱ्या रिसीव्हरच्या, डोक्यावरही तेवढेच इलेक्ट्रॉन असतात आणि दोघांची चूक वजाबाकीत निघून जाते. ही वजाबाकी चालते ती दोघांवरचं आकाश सारखं असेपर्यंतच.

आपल्याकडे ते सारखं का राहत नाही, हे सांगताना थोडं दक्षिणेला जावं लागेल. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या आसपासून जातं. (१९६३ साली पहिलं रॉकेट सोडायला थुंबाच निवडलं, त्यामागे हेच कारण होतं.) त्या रेषेवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आडवं, उत्तर-दक्षिण असतं, आणि दिवसा विद्युत क्षेत्र पूर्वेकडे. दोन्ही मिळून इलेक्ट्रॉन आणि आयनांना (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंना) वर उचलतात. वर गेलेले कण मग चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतात, कारंज्याचं पाणी दोन्ही बाजूंना पडावं तसे. उत्तरेकडचं पाणी पडतं अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात. तिरुनेलवेलीवर खड्डा, भोपाळवर उंचवटा, आणि आपला महाराष्ट्र मधल्या उतारावर. युरोपातल्या सर्व्हेअरला असा उतार माहीतच नसतो.

आता संध्याकाळ. सूर्य मावळला की खालचा थर लवकर विरतो. तिथे हवा दाट असते, सुटलेले इलेक्ट्रॉन पटकन आयनांना जाऊन चिकटतात. वरचा थर मात्र तसाच भरलेला राहतो. त्यात मावळतीच्या सुमारास ते उचलणारं विद्युत क्षेत्र एकदा जोरात उसळतं आणि थर आणखी वर जातो. खाली हलकं, वर जड. तेलावर पाणी हलकेच ओतून पाहा. ते तसं टिकत नाही, तेलाचे बुडबुडे पाण्यातून वर येतात. आकाशातही तसंच होतं. इलेक्ट्रॉन जवळजवळ नसलेले बुडबुडे विषुववृत्तावर तयार होऊन भरलेल्या थरात घुसतात, शेकडो किलोमीटर उंच जातात, आणि चुंबकीय रेषांच्या वाटेनं उत्तरेला आपल्यापर्यंत पसरतात. त्यांना प्लाझ्मा बुडबुडे म्हणतात. त्यांच्या कडा फाटलेल्या, सुरकुतलेल्या असतात. तारा जशी लुकलुकते तसा या कडांतून येणारा उपग्रहाचा सिग्नल लुकलुकतो, रोव्हरची लहरींची मोजणी तुटते आणि फिक्स जातो.

मार्चच का? आपल्या रेखांशावर चुंबकीय सुई जवळपास खऱ्या उत्तरेकडेच असते. त्यामुळे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्ताची रेषा चुंबकीय रेषांना समांतर येते, त्यांची दोन्ही टोकं एकदम अंधारात जातात आणि ती उसळी सर्वांत मोठी होते. आणि अर्धा तास का? बुडबुडे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, सेकंदाला शंभर-दीडशे मीटर वेगानं. शंभर-दीडशे किलोमीटर रुंदीचा बुडबुडा तुमच्यावरून जायला पंधरा-वीस-पंचवीस मिनिटं घेतो. तो गेला की फिक्स येतो, मागून दुसरा आला की जातो.

हे मी नुसतं पुस्तकातलं सांगत नाही. कोल्हापुरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं सबंध आकाश टिपणारा कॅमेरा लावला होता. आयनांबरातला ऑक्सिजन रात्री अगदी मंद तांबडा प्रकाश देतो, डोळ्यांना न दिसणारा. तो कॅमेऱ्याला दिसतो, आणि जिथे इलेक्ट्रॉन नाहीत तिथे काळे पट्टे उमटतात, दक्षिणेकडून उत्तरेला गेलेले, पूर्वेकडे सरकणारे. एका चित्रात शेकडो किलोमीटरचं आकाश मावतं, म्हणजे कोल्हापूरच्या त्या चित्रांत तुमचं कराडही आलं.

माझं स्वतःचं काम मात्र कॅमेऱ्याचं नव्हतं, आयनोसोंडचं होतं. दक्षिणेतल्या एका केंद्रावर आमचं यंत्र दर पंधरा मिनिटांनी एक ते वीस मेगाहर्ट्झपर्यंत रेडिओ लहरी सरळ वर सोडायचं आणि परत आलेले प्रतिध्वनी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर उमटायचे. खालून दिवा लावलेल्या काचेवर फिल्म ठेवून आम्ही ते वाचत असू. मार्चमधल्या संध्याकाळी थराचा तळ साडेसहाला २७० किलोमीटरवर असायचा, सातला ३३०, सव्वासातला ३८०. तो असा चढताना दिसला की पुढचं चित्र मला ठाऊक असायचं : स्वच्छ बारीक रेघ जाऊन तिथे धुराचा लोट. त्याला आम्ही स्प्रेड-एफ म्हणायचो. रेघच नाही, तर वाचणार काय? नियमाप्रमाणे आकड्याच्या जागी नुसतं इंग्रजी ‘एफ’ अक्षर लिहायचं आणि पुढच्या फ्रेमवर जायचं. मार्च-एप्रिलचे आमचे तक्ते रात्री आठ ते बारा या रकान्यांत ‘एफ, एफ, एफ’नं भरलेले असत. या अक्षराबद्दल खाली एका मुलीच्या पत्रात आणखी लिहिलं आहे, तेही वाचा.

आता तुमचं काम. या दोन मोसमांत नेमके पॉइंट सूर्यास्ताआधी उरकता आले तर उत्तम. नाहीतर पहाटे चार ते सात ही वेळ धरा, आकाश तेव्हा सर्वांत शांत असतं. दूरच्या कायमस्वरूपी स्टेशनवरून करेक्शन घेत असाल तर संध्याकाळी स्वतःचा बेस साइटवर, पाच किलोमीटरच्या आत लावा. त्यानं लुकलुक थांबणार नाही, पण उताराची चूक जाईल. फ्लोटवर पॉइंट कधीही घेऊ नका. फिक्स नुकताच परत आला असेल तर लगेच विश्वास टाकू नका, रोव्हर पुन्हा सुरू करून तोच पॉइंट दुसऱ्यांदा घ्या. आणि तारीख, वेळ, फिक्स कधी गेला नि कधी आला, हे वहीत लिहून ठेवा. पंधरा दिवसांची वही कंत्राटदारापुढे ठेवली की बिघडलेलं यंत्र रोज ठरलेल्या वेळी बिघडत नाही, हे त्यांनाही दिसेल. सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं. ते उतरेल तसा हा त्रासही कमी होईल.

प्रश्न : माझं वय ७८. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या वाड्यात वॉल्व्हचा रेडिओ होता. दिवसा मिडियम वेव्हवर एखादंच स्टेशन लागे, रात्री मात्र शेकडो मैलांवरची ऐकू येत. पण आवाज जवळ येई, लांब जाई, पुन्हा जवळ येई. वडील म्हणत, वाऱ्यानं होतं. खरं कारण काय?

उत्तर : आपला रेडिओ आयनांबराचं एक उपकरणच होता, आणि आपण त्यावर केलेलं निरीक्षण अगदी बरोबर आहे. साठ ते नव्वद किलोमीटरच्या दरम्यान दिवसा एक खालचा थर असतो. तिथे हवा तुलनेनं दाट. रेडिओ लहरींनी हलवलेले इलेक्ट्रॉन सारखे हवेच्या कणांवर आपटतात आणि लहरींची ऊर्जा तिथेच खर्ची पडते. सूर्य मावळला की हा थर थोड्याच वेळात नाहीसा होतो. मग लहरी वरच्या थरापर्यंत जातात, तिथून परतून दूरवर उतरतात.

आवाजाचं जवळ-लांब होणं म्हणजे दोन वाटांनी आलेल्या लहरींची गाठभेट. त्या एकमेकींना साथ देतात तेव्हा आवाज वाढतो, एकमेकींना खोडतात तेव्हा बुडतो, आणि वरचा थर हलत राहतो म्हणून हे सारखं बदलतं. ॲपल्टन आणि बार्नेट या भौतिकशास्त्रज्ञांनी डिसेंबर १९२४ मध्ये नेमकं हेच वापरलं. बोर्नमथहून बीबीसीच्या प्रक्षेपकाची तरंगलांबी हळूहळू बदलत नेली, ऑक्सफर्डला आवाजाचे चढउतार मोजले, आणि त्यावरून परतवणारा थर किती उंचीवर आहे हे काढलं. ॲपल्टनना पुढे १९४७ चं नोबेल मिळालं. वडिलांनी वारा म्हटलं तेही वाया जाऊ नये. त्या उंचीवर वारे आहेतच, आणि थर हलवण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी रत्नागिरीत बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. आयनांबराची मॉडेलं असतात असं वाचलं. मग पावसाच्या अंदाजासारखा त्याचा अंदाज का मिळत नाही? आणि मॉडेल म्हणजे समीकरणं की आकडे?

उत्तर : दोन्ही. पण तुला आधी आकड्यांचं मॉडेल सांगते, कारण त्यात माझ्यासारख्या अनेकांचे हात लागलेत.

सर्वांत साधं मॉडेल तुझ्या खिशात आहे. जीपीएसचे उपग्रह यासाठी फोनला फक्त आठ आकडे पाठवतात. त्यांवरून फोन एक वक्र काढतो : रात्रभर सपाट, पाच नॅनोसेकंद, म्हणजे दीड मीटर उशीर. सकाळी चढ, दुपारी दोनला शिखर, संध्याकाळी उतार. जॉन क्लोबुचर यांनी १९७० च्या दशकात हे बसवलं, तेव्हाच्या रिसीव्हरला झेपेल इतकं छोटं. निम्मी चूक कमी व्हावी एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. आठ आकड्यांत सगळ्या पृथ्वीचं आकाश बसवायचं आणि निम्मी चूक घालवायची, मला हे आजही फार सुंदर काम वाटतं.

त्याहून मोठं म्हणजे आंतरराष्ट्रीय संदर्भ आयनांबर, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आयआरआय. १९६० च्या दशकाच्या अखेरीस दोन आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनांनी हे काम हाती घेतलं आणि कार्ल रावर या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याचं नेतृत्व केलं. (रावर १०४ वर्षं जगले.) तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश दिले की आयआरआय त्या जागी किती इलेक्ट्रॉन, किती तापमान, कोणते आयन हे उंचीप्रमाणे सांगतं. पण त्याच्या पोटात काय आहे ते नीट बघ. एफ-थराच्या (आयनांबरातल्या सर्वांत वरच्या, दाट थराच्या) शिखराचे त्यातले जुने जागतिक नकाशे १९५० च्या दशकातल्या सुमारे दीडशे आयनोसोंड केंद्रांच्या तक्त्यांवरून काढलेले. समुद्रात केंद्र कोण चालवणार? पुढच्या नकाशांत समुद्रावरची रिकामी जागा सैद्धांतिक गणितानं काढलेल्या बिंदूंनी भरली. आणि तक्त्यातला आकडा म्हणजे महिन्याचा मध्यक. म्हणजे एप्रिलमधले रात्री नऊचे तीस आकडे चढत्या क्रमानं मांडायचे आणि मधला घ्यायचा.

आता वरच्या पत्रातलं ते ‘एफ’ अक्षर आठव. ज्या रात्री बुडबुडे आले त्या रात्री आम्ही आकडा लिहिलाच नाही. तीसपैकी अठरा रात्री ‘एफ’ असतील तर मध्यक निघणार उरलेल्या बारा शांत रात्रींचा. आमच्याकडून खोटं काही लिहिलं गेलं नाही, नियम योग्यच होता. पण मॉडेल शिकलं ते शांत रात्रींवरून, आणि कराडच्या सर्व्हेअरना ज्या रात्रीची काळजी आहे ती रात्र त्यातून निसटून गेली. स्प्रेड-एफ व्हायची शक्यता किती, हे सांगायची सोय आयआरआयमध्ये २००० नंतर जोडली गेली, ती ब्राझीलच्या आकाशावर बेतलेली. ब्राझीलमध्ये चुंबकीय सुई बरीच पश्चिमेकडे झुकलेली असते, त्यामुळे तिथला बुडबुड्यांचा मोसम डिसेंबरच्या आगेमागे. आपला मार्च आणि सप्टेंबर. ते गणित इथे जसंच्या तसं लावता येत नाही.

म्हणूनच विमानांसाठी गगन ही उपग्रहांच्या सिग्नलमधली चूक दुरुस्त करून देणारी यंत्रणा उभी करताना इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाला परदेशी पद्धत उचलून चाललं नाही. अमेरिकेच्या यंत्रणेत आयनांबर म्हणजे ३५० किलोमीटरवरचं एक पातळ कवच मानलं होतं. आपल्या उतारावर एक कवच पुरेना, म्हणून अनेक थरांचं वेगळं मॉडेल इस्रोनं बनवलं. गगनला उतरणाऱ्या विमानांना उंचीसकट मार्गदर्शन करण्याची मान्यता एप्रिल २०१५ मध्ये मिळाली.

दुसरी जात समीकरणांची. कोलोरॅडोतल्या बोल्डरचं एक प्रसिद्ध मॉडेल आहे, ते वरच्या हवेचे वारे, तापमान, रसायन आणि विद्युत क्षेत्र सगळं एकत्र सोडवतं. मग अंदाज का जमत नाही? पावसाचं मॉडेल आज सकाळच्या हवेपासून सुरू होतं, आणि ती हवा उद्यापर्यंत बरीचशी आपली आठवण ठेवते. आयनांबर काही तासांत सगळं विसरतं. ते वरून सूर्य आणि खालून आपलंच हवामान यांच्या रेट्यावर चालतं. उद्याचं आयनांबर सांगायचं तर आधी उद्याचा सूर्य सांगावा लागेल. खालचा रेटाही कमी नाही. जानेवारी २००९ मध्ये उत्तर ध्रुवावरच्या स्तरांबरात एकाएकी तापमान वाढलं आणि पेरूवरच्या आयनांबरात सकाळी इलेक्ट्रॉन वाढले, दुपारी घटले. ध्रुवावर काही घडावं आणि ते विषुववृत्तावर दिसावं! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

चुकलेल्या अंदाजाची किंमतही मोठी असते. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ परत वातावरणात पडून जळाले. चुंबकीय वादळ मोठं नव्हतं, पण वरची हवा तापून फुगली, दोनशे किलोमीटरवर ती दाट झाली आणि तिचा अडथळा उपग्रहांना पेलला नाही.

आशा आहे ती मोजमापं वाढण्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात गूगलच्या संशोधकांचा एक निबंध आला. लाखो अँड्रॉइड फोनांच्या नोंदी एकत्र करून त्यांनी आयनांबराचे नकाशे काढले. एकेका फोनची नोंद अगदी खरबरीत, पण लाखोंची सरासरी घेतल्यावर भारतावरचे प्लाझ्मा बुडबुडे स्वच्छ दिसले. ज्या रात्रींवर मी ‘एफ’ लिहून पुढे गेले, त्याच जातीच्या रात्री आता नकाशावर येतायत.

तुझ्यासाठी एक काम सुचवते. रत्नागिरी आणि कराड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पूर्व-पश्चिम अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. बुडबुडा समुद्राकडून येतो, म्हणजे आधी तुझ्यावरून जाणार. सेकंदाला शंभर मीटरनं धरलं तर पंधरा मिनिटांनी कराडला पोचेल. सप्टेंबरच्या मध्यापासून रोज संध्याकाळी सात ते दहा फोन गच्चीवर हलणार नाही असा ठेव आणि जीएनएसएस लॉगर हे ॲप चालू कर. ते प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद सेकंदासेकंदाला लिहून ठेवतं. डोक्यावर असलेला एखादा उपग्रह निवडून त्याची ताकद कधी थरथरायला लागते ती वेळ काढ. कराडच्या काकांना मी संपादकांमार्फत तुझं पत्र पाठवते आहे. त्यांनी रोव्हरवर तोच उपग्रह बघून वेळ लिहावी. दोघांची घड्याळं उपग्रहानंच लावलेली आहेत, त्यामुळे सेकंदाचाही फरक पडणार नाही. ऑक्टोबरअखेर दोन्ही वह्या माझ्याकडे पाठवा. ज्या संध्याकाळी काही दिसलं नाही, त्याही लिहा.